फुकट कोण खातो?



वाचकहो, मागच्या श्रावणात शेजारच्या गावी सप्ताहाला गेलो होतो. गळा गेल्यापासून मी कीर्तन करीत नाही, ऐकायला जातो. वीणेकऱ्याच्या जवळ बसायला जागा देतात, एवढा मान अजून आहे. सहाव्या दिवसाची सेवा एका तरुण महाराजांची होती. आवाज गोड, पाठांतर पक्के, चाल धरली की पखवाजवाल्याला घाम फुटावा. दुसरे चरण सोडवताना त्यांनी मध्येच एक विनोद टाकला. सरकारने बायकांच्या खात्यावर महिन्याला १५०० रुपये टाकायला सुरुवात केली आणि घराघरातल्या खुरप्याला गंज चढला; आता रानात बाई दिसायची असेल तर पंचांग बघावे लागते. मंडप हसला. टाळकरी हसले. मीही हसलो, खोटे कशाला बोलू.

कीर्तन संपले, आरती झाली, आणि आम्ही सगळे उठून पंगतीला बसलो. लापशी, भात, आमटी. गहू कोणी दिला, गूळ कोणी दिला, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही त्यात एक पैसा घातलेला नव्हता. फुकटच्या पैशावर हसून उठलेली माणसे फुकटच्या पंगतीला बसली आणि कोणाच्या घशात घास अडकला नाही. माझ्या अडकला, तो आमटीची बादली घेऊन आलेल्या एका बाईमुळे. वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमी बी हसलात? तीन दिस ताप व्हता म्हून कांद्याला गेले न्हाई. आदी तापात बी जायचे." एवढे बोलून ती पुढच्या पानाकडे गेली.

हा लेख त्या बादलीपाशी सुरू झाला आहे.

आपल्या शास्त्राची रीत अशी की खंडन करण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडावा, दुबळा करून मांडू नये. तर पूर्वपक्ष असा. माणूस पोटासाठी राबतो. पोट आयते भरले की हात थांबतात. हात थांबले की मन भटकते, व्यसन लागते, घर बुडते. संतांनी आपापली कामे केली, कोणी आयते खाल्ले नाही. गीतेनेही कर्म कर असेच सांगितले. म्हणून आंधळ्या-पांगळ्याला द्यावे, धडधाकट माणसाला देणे म्हणजे त्याला बिघडवणे.

हा वाद आपल्या १५०० रुपयांपुरता नाही. जगात एक विचार पुष्कळ वर्षे चालू आहे, की देशातल्या प्रत्येक माणसाला, गरीब असो की श्रीमंत, काम करो की न करो, सरकारने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. तिला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात, इंग्रजी नाव युनिव्हर्सल बेसिक इन्कम. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात यावर एक अख्खे प्रकरण होते आणि माणशी वर्षाला ७६२० रुपयांचा हिशेब त्यात मांडला होता. लाडकी बहीण योजना म्हणजे ते नव्हे. तिला वयाची अट आहे, २१ ते ६५. घराच्या उत्पन्नाची अट आहे, वर्षाला अडीच लाखांच्या आत. तरी आक्षेप दोन्हीकडे एकच घेतला जातो: आयते दिले की माणूस आळशी होतो.

आता गीतेचेच घ्या, कारण सगळे तेथूनच सुरुवात करतात. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की कोणीही क्षणभरसुद्धा कर्मावाचून राहत नाही, प्रकृती त्याला कर्म करायलाच लावते. तोच अध्याय हाती धरून आपण सांगतो की पोटाला चिमटा बसला नाही तर माणूस काही करणार नाही! यातले एकच खरे असू शकते. शिवाय आपण निष्काम कर्म सांगतो. फळाकडे डोळा न ठेवता काम करा, असे व्यासपीठावरून सांगायचे, आणि खाली उतरले की म्हणायचे, मजुरी तुटायची भीती नसेल तर कोण काम करणार? म्हणजे निष्काम कर्म आपल्यासाठी आणि भुकेचा चाबूक तिच्यासाठी. आळंदीला मी चार वर्षे शिकलो. ज्ञानेश्वरीची पारायणे किती केली ते मोजले नाही. भूक हीच गुरू, असा सिद्धान्त मला तेथे कोठे आढळला नाही.

संतांनी कामे केली, हे खरे. अरणच्या सावतोबांनी मळा पिकवला, तेरच्या गोरोबाकाकांनी माती तुडवली. पण त्यांच्या कामात देव उतरला तो काम त्यांचे होते म्हणून. मळा त्यांचा, चाक त्यांचे, मन लागले तेव्हा लागले. आता चोखोबांचे आठवा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले, बोलावणे आले, आणि जावे लागले. "नाही येत" म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. इ. स. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले, असे परंपरा सांगते. नामदेवरायांनी जाऊन अस्थी वेचल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या. ही कथा मी आयुष्यात शेकडो वेळा सांगितली आणि दर वेळी नामाचा महिमा सांगून पुढे गेलो. ती भिंत कसली होती, तेथे ते का गेले, हे विचारायचे राहिले. सावतोबांचे कामही काम आणि चोखोबांचे तेही काम, पण दोन्ही एका तराजूत घालू नका. जनाबाईंचे तर बघा. दळण-कांडण अंगावर पडले तेव्हा पांडुरंग जात्याला हात लावायला आला. "जने, मी दळू लागलो तर तू आळशी होशील," असे तो म्हणाल्याचे कोणत्याही महाराजांनी मला सांगितलेले नाही.

आणि त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळ पडला, माणसे झाडपाला खाऊ लागली, तेव्हा पंतांनी बादशहाची कोठारे उघडली. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. धडधाकट कोण, पांगळा कोण, अशा दोन रांगा लावल्या नाहीत. विठू महाराचे रूप घेऊन देवाने बिदरला जाऊन धान्याचे मोल भरले, हा आख्यानाचा रंगाचा भाग, त्याला टाळ्या पडतात. पण ते फुकटचे धान्य खाऊन मंगळवेढ्याची माणसे आळशी झाली, पुढच्या मृगाला कोणी पाभर धरली नाही, असे आख्यानात कोठे आहे? तुकोबारायांनीही दुष्काळानंतर आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. देणेकऱ्यांनी काम सोडले, असे कोणी लिहून ठेवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, बाबा, ह्या झाल्या पोथीतल्या गोष्टी. बरे, मग मोजमापाच्या सांगतो. मध्य प्रदेशात, आपल्या अहिल्यामाईंच्या इंदूरच्या परिसरात, २०११ साली इला भट्ट यांनी उभ्या केलेल्या 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने हे करून पाहिले. आठ गावांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये आणि मुलाला १०० दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. अट काही नाही. कामावर जा म्हटले नाही, शाळेत घाला म्हटले नाही. दीड वर्ष दिले आणि तसल्याच बारा गावांशी ताडून पाहिले. माणसे बसून राहिली नाहीत. काम वाढलेच, पण ते सरकले. परक्याच्या बांधावरची रोजंदारी सोडून बरेच जण स्वतःच्या तुकड्यात राबू लागले, कारण बियाण्याला चार पैसे आले. शेळ्या आल्या. मजुरीला जाणारी पोरे शाळेकडे वळली. दारू वाढली नाही. त्या परक्या बांधाच्या मालकाला विचारले असते तर तो म्हणाला असता, गाव आळशी झाले! त्याच्यापुरते ते खरेही होते.

उलट बाजूचाही पुरावा आहे, तो लपवणे मला शोभणार नाही. अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉय या दोन राज्यांत एक हजार कमी मिळकतीच्या माणसांना तीन वर्षे दरमहा एक हजार डॉलर दिले. २०२४ साली निष्कर्ष आले. ज्यांना मोठी रक्कम मिळाली ती माणसे इतरांपेक्षा थोडे कमी काम करू लागली. किती कमी? आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास. सात दिवसांवर वाटा. हरिपाठ म्हणायला लागतो तेवढाही वेळ दिवसाला भरत नाही. एवढ्याला आळस म्हणायचे असेल तर आपण एकादशीला शेत बंद ठेवतो त्याला काय म्हणावे?

आता घरातले बोलू. आमच्या कर्जत-जामखेड भागात कांदा लागणीला बाईचा रोज ३०० आहे. १५०० म्हणजे पाच दिवसांची मजुरी. महिन्यावर पसरले तर दिवसाला ५० रुपये. गावच्या हॉटेलात पाच कप चहा. पाच कप चहावर घर चालवून दाखवणारी बाई मिळाली तर तिला सत्कार करून मखरात बसवावी, मी शाल आणतो. या पैशात कोणी बसून खाऊ शकत नाही. मग होते काय? तापाचे तीन दिवस अंग टाकता येते. मुकादमाने शिवी दिली तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोळीत जाता येते. २५० मध्ये या असे म्हटले तर "परवडत नाही" असे म्हणता येते. माउली, आपल्याला टोचते ते हे आहे. तिने काम सोडलेले नाही. तिला "नाही" म्हणता येऊ लागले आहे, आणि आपण त्याला आळस असे नाव ठेवले आहे.

शेतकऱ्याची अडचण मला कळत नाही असे समजू नका. मीही पाच एकरांचा धनी आहे. कांद्याला भाव नाही, खताचे पोते हाताला लागू देत नाही, वेळेवर टोळी आली नाही की रोप वाळते. पण "मजूर मिळत नाही" हे गाऱ्हाणे २०२४ चे नाही. मी ते १९७२ पासून ऐकतो आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी बाविशीत होतो. पाझर तलावावर माती वाहिली, खडी फोडली, अमेरिकेतून आलेली मिलो खाल्ली, सुकडीच्या रांगेत थाळी घेऊन उभा राहिलो. माझ्या बोटाला खडीचा व्रण अजून आहे, टाळ धरला की लागतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्याच दिवसांत राज्यभर पसरली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन तिचा खर्च भागवला. आणि तेव्हाही पारावर बसून गावची मोठी मंडळी म्हणत, सरकारी कामावर जाऊन पोरं सोकावली, आमच्या खळ्यावर कोणी येत नाही. आम्ही दिवसभर घण मारत होतो आणि ते आम्हाला सोकावलेले म्हणत होते! पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दोन रुपये किलोने गहू मिळाला, तेव्हा तेच. २०२३ पासून ते धान्य फुकट झाले, तेव्हा तेच. बावन्न वर्षांत आळशी होत होत आमच्या तालुक्यातला एकूण एक माणूस एव्हाना बाजेवर दिसायला हवा होता.

आणि एक गोष्ट राहिलीच. केंद्राची किसान सन्मान योजना २०१९ पासून आहे, वर्षाला ६००० रुपये. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढेच वर दिले. बारा हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला एक हजार, शेत नावावर आहे एवढ्यासाठी. पेरा केला की नाही कोणी पाहत नाही. ते पैसे माझ्या खात्यावर येतात. तुमच्यातल्या बहुतेकांच्या येतात. त्या दिवशी मंडपात हसलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या तरी येत असतील. त्यामुळे शेतकरी आळशी झाला, असा विनोद तुम्ही कोणत्या सप्ताहात ऐकलात? मला आठवत नाही. जमीन असलेल्याला मिळाले की तो सन्मान, आणि नाव तर तसेच ठेवले आहे. जमीन नसलेल्या बाईला मिळाले की ते फुकट.

आपण वारकरी तर या विषयावर बोलताना जपूनच बोलावे. तुकोबारायांची पालखी यवतला येते त्या रात्री सारे गाव पिठले-भाकरी करते. हजारो माणसे जेवतात. कोण कोठला, काय काम करतो, कोणी विचारीत नाही. जेवून कोणी तेथेच मुक्काम ठोकतो का? पहाटे उठून पालखी वरवंडच्या वाटेला लागते, आणि पंढरपूरहून परतलेला माणूस चिखल उतरायच्या आत शेतात असतो. वीस दिवस फुकटचे अन्न खाऊन त्याचे पाय थकत नाहीत. उलट ते अन्न आहे म्हणून पाय चालतात. काल्याचेही तसेच. पेंद्याच्या शिदोरीत काय होते आणि किती होते, हे पाहून देवाने घास ठरवला नाही. सगळ्यांचे एकत्र कालवले आणि सगळ्यांना दिले. काल्याच्या कीर्तनाला ज्याने एवढे सांगितले, त्याने दुसऱ्या दिवशी १५०० रुपयांवर विनोद करू नये, एवढीच माझी तरुण कीर्तनकारांकडे मागणी आहे. कीर्तनाचे मोल घेऊ नये असा आपल्या संप्रदायाचा दंडक. आज पाकिटे किती जाड झाली आहेत ते मी लिहीत नाही. मीही पाकिटे घेतली आहेत.

सरकार देते ते सगळे चोख देते, असे माझे म्हणणे नाही. २०२४ च्या निवडणुकीत १५०० चे २१०० करू असे आश्वासन बायकांना दिले गेले. दान आणि सौदा यांतला भेद आपल्याला संतांनी शिकवला आहे. देणाऱ्याचा फोटो घेणाऱ्याच्या पिशवीवर छापला की ती पिशवी जड होते. आज मिळालेले उद्या यादीतून कटेल, ही धास्ती असेल तर तिला "नाही" म्हणता येत नाही. फक्त मुकादमाच्या जागी पुढारी येतो. म्हणून मला उलट तो सर्वांना देण्याचा विचार जास्त पटतो. सगळ्यांनाच मिळते, नेहमीच मिळते, तर कोणाच्या पाया पडायचे कारण नाही आणि कोणाला हसायचेही कारण नाही. खर्च कसा भागवायचा हा वाद जमाखर्च जाणणाऱ्यांनी घालावा. बहात्तरनंतर आपल्याच राज्याने एक वाट काढून दाखवली होती, एवढे मी वर सांगितलेच.

त्यातही आपण बाजूला नाही. २८ जून २०२४ रोजी तुकोबारायांच्या पालखीने देहूतून प्रस्थान ठेवले, त्याच दिवशी मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात बहिणींचे १५०० होते आणि दिंडीमागे २०,००० रुपये अनुदानही होते. आमच्या दिंडीत ते घ्यावे की न घ्यावे यावर लोणी काळभोरच्या मुक्कामी रात्री बराच वेळ बोलणे झाले. दोघे-तिघे म्हणाले, वारी स्वतःच्या शिदोरीवर करावी. बाकीचे म्हणाले, पाण्याचा टँकर, ताडपत्री, औषधे, खर्च कोठे थांबतो? पैशाने वारकरी आळशी होईल, उद्यापासून ट्रकात बसून पंढरीला जाईल, असे मात्र त्या बैठकीत कोणाच्याही तोंडून आले नाही. आपल्याविषयी आपली खात्री होती.

त्या तरुण महाराजांना मी नंतर फोन केला. ते चांगले आहेत, ऐकून घेतले. म्हणाले, "बाबा, लोक हसतात म्हणून टाकतो, माझ्या मनात काही नसतं." मी त्यांना ताप आलेल्या बाईचे सांगितले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "मी वाढलेलं तिच्याच हातचं जेवलो का?" मी म्हटले, बहुतेक.

पौषात आमच्या कांद्याची लागण आहे. बाईला रोज ३५० सांगितला आहे. भावकीतले दोघे रागावले, भाव चढवलास म्हणाले. टोळी मंगळवारी यायची आहे.